महेशचंद्र बंद्योपाध्याय आणि ‘इंडियन’ बचाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महेशचंद्र बंद्योपाध्याय कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात खेळलेले एक बंगाली ब्राह्मण बुद्धिबळपटू. १८४८ मध्ये ते तिथल्या इंग्रजांच्या नजरेस पडले. पुढच्या दहा-बारा वर्षांत जॉन कॉक्रेन या नामांकित बॅरिस्टराशी त्यांचे इतके डाव झाले, की आज चारशेहून अधिक डावांच्या चाली उपलब्ध आहेत. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही भारतीय खेळाडूच्या वाट्याला एवढी नोंद आलेली नाही. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन ही बचावांची, म्हणजे काळ्याने डाव सुरू करण्याच्या ठरावीक पद्धतींची, नावे आपण रोज ऐकतो. त्यांतला ‘इंडियन’ या गृहस्थांच्या खेळापर्यंत जाऊन पोहोचतो.

बहुतेक ठिकाणी त्यांचा उल्लेख कॉक्रेन यांच्या चरित्रातली एक तळटीप म्हणून येतो. मला हे उलटे वाटते. कॉक्रेन यांचे डाव त्यांच्या काळाचे होते. महेशचंद्रांचे कित्येक डाव आज कुणी नाव झाकून दाखवले, तर ते शंभर वर्षांनंतरचे वाटतील.

कॉक्रेन साहेब कसे खेळाडू होते? की कोलकात्यातले एक हौशी अधिकारी?

हौशी होतेच, त्या काळी जवळजवळ सगळेच हौशी असत. पण दर्जा पहिल्या रांगेतला. जन्म १७९८ चा, स्कॉटलंडचे. तरुणपणी पॅरिसला जाऊन १८२१ मध्ये ते देशापेल आणि लाबुर्दोने या फ्रान्सच्या दोन दादा खेळाडूंशी खेळले. १८२२ मध्ये त्यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ निघाला. १८२४ मध्ये लंडन आणि एडिंबरा या दोन क्लबांमध्ये पत्राने खेळायचा सामना सुरू झाला, त्यात लंडनच्या बाजूचे ते प्रमुख होते. पण सामना चालू असतानाच ते वकिलीसाठी हिंदुस्थानात निघून आले आणि पुढे एडिंबराने बाजी मारली.

कोलकात्यात त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे काढली. मध्ये १८४१ ते १८४३ रजेवर इंग्लंडला गेले, तेव्हा हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी शेकडो डाव खेळले. बरेचसे हरले, पण स्टाँटन तेव्हा युरोपातल्या अव्वल खेळाडूंत होते. सांगायचे एवढेच, की महेशचंद्रांसमोर बसलेला माणूस टेबलापलीकडे वेळ घालवणारा कलेक्टर नव्हता. झंझावाती हल्ला हा त्यांचा पिंड. मोहरे फेकून राजाला उघड्यावर ओढायचे आणि मग त्याच्या मागे लागायचे.

दोघांची गाठ कशी पडली?

१८५० मध्ये लंडनच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ या नियतकालिकात कोलकाता चेस क्लबच्या एका सभासदाचे पत्र छापून आले. साधारण दोन वर्षांपूर्वी शहराबाहेर, मोफसिलात, एका ब्राह्मणाची माहिती मिळाली आणि हा माणूस बुद्धिबळात आजवर कुणाकडून हरलेला नाही असे ऐकण्यात आले, अशी ती हकिकत. कॉक्रेन यांच्यासमोर टिकू शकेल असा कोलकात्यात तेवढा एकच खेळाडू, असेही पत्रलेखकाचे म्हणणे.

‘कधीच न हरलेला’ हे विशेषण गावोगावच्या पट्टीच्या खेळाडूंना लागतेच, आपल्याकडेही लागते. इथे ते बऱ्यापैकी खरे ठरले. मात्र शहरात आल्यावर त्यांना एक वेगळाच खेळ खेळायला सांगण्यात आला.

वेगळा खेळ म्हणजे? बुद्धिबळ तर भारतातलेच ना?

मूळ इथले. पण युरोपात पोहोचेपर्यंत आणि तिथे हजार वर्षे नांदेपर्यंत त्याचे नियम बदलले, इकडचेही आपल्या पद्धतीने बदलले. ज्यांनी आजोबांकडून देशी बुद्धिबळ शिकले आहे त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडे विस्ताराने.

प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचे. दोन घरांची उडी नाही. त्यामुळे ‘जाता जाता मारणे’ (दोन घरे उडी मारून शेजारी आलेले प्यादे टिपणे) हा नियमही नको. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेणे, नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, मात्र तोपर्यंत त्याला शह बसलेला नसला तरच. पुष्कळ ठिकाणी समोरासमोर राजे नसायचे, एकाच्या राजासमोर दुसऱ्याचा वजीर उभा असायचा. प्यादे शेवटच्या घरात पोचले की हवा तो मोहरा मिळत नसे. ज्या रांगेत पोचले, त्या रांगेचा मूळ मोहरा मिळे: घोड्याच्या रांगेत घोडा, उंटाच्या रांगेत उंट. समोरच्याकडे नुसता राजा उरला तर डाव ‘बुर्ज’, एक प्रकारची बरोबरी. प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. आणि हे सगळे गावागणिक थोडे थोडे वेगळे. कुठे सुरुवातीच्या अनेक चाली एकदमच करून घ्यायच्या, कुठे ठरावीक प्याद्यांना दोन घरांची सवलत.

या नियमांत घडलेल्या माणसाला कॉक्रेन साहेबांनी युरोपी नियम सांगितले आणि पटावर बसवले. आज क्रिकेटमधल्या माणसाला बेसबॉल खेळायला लावावे, तसेच जवळजवळ. महेशचंद्रांनी नवे नियम उचलले, डाव मांडायची जुनी सवय मात्र सोडली नाही.

त्या सवयीचा ‘इंडियन’ बचावाशी संबंध कसा?

हा मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पट मांडून बघितले तर पाच मिनिटांत कळते.

प्यादे एकेक घरच सरकत असेल, तर समोरचा तुमच्या अंगावर झटकन येऊच शकत नाही. ई४, डी४ अशी मध्यभागाची जागा पहिल्या दोन चालींत बळकावता येत नाही. (घरांची नावे अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच, त्याच्या बाजूने आडव्या रांगा १ ते ८.) म्हणजे घाई नाही. आपला पट आपल्या घरात नीट लावून घ्यायला वेळ आहे. मग उंटाचे काय करायचे? मधली प्यादी एकच घर पुढे आली की उंटांच्या वाटा अर्ध्या बंद होतात. सोपा मार्ग म्हणजे घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवायचे आणि उंट त्याच्या जागी आणून बसवायचा. तिथून तो पटाच्या लांबच लांब कर्णावर नजर ठेवतो. युरोपात यालाच फियानचेटो म्हणतात.

राजाचीही सोय त्यातच होते. राजा ई१ वर असेल, घोड्याचे प्यादे जी३ वर गेले असेल आणि जी२ वर उंट बसवलेला नसेल, तर ई१ वरून घोड्याच्या उडीने राजा थेट जी२ वर उतरतो, म्हणजे प्याद्यांच्या आडोशाला. किल्लेकोट नसतानाही घर बांधून होते.

आता हीच सवय युरोपी नियमांच्या पटावर आणा. पांढऱ्याने डी४ खेळले. त्या काळातला इंग्रज किंवा फ्रेंच खेळाडू डी५ खेळून समोर उभा राहील. महेशचंद्र घोडा एफ६ वर काढायचे, मग जी६, उंट जी७, डी६. समोरच्याला मध्यभाग घेऊ द्यायचा आणि मग कडेने त्यावर मारा करायचा. इंग्रजी पुस्तकांत अशा सुरुवातींना तेव्हा ‘अनियमित’ या खान्यात टाकत. अनियमित हा शब्द अर्थात पुस्तक लिहिणाऱ्याचा. देशी बुद्धिबळातून आलेल्या माणसासाठी तोच राजमार्ग होता.

तो १८५५ चा प्रसिद्ध डाव कोणता?

मे १८५५, कोलकाता. पांढरी मोहरी कॉक्रेन, काळी महेशचंद्र. चाली अशा:

१. डी४, घोडा एफ६. २. सी४, जी६. ३. घोडा सी३, डी५.

इथे थांबा. जी६ नंतर डी५. आज याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात आणि या बचावाचा हा सर्वांत जुना ज्ञात डाव आहे. ज्यांचे नाव त्याला मिळाले, ते व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड हे तेव्हा जन्मालाही आले नव्हते. त्यांनी हा बचाव स्पर्धांमध्ये आणला तो १९२२ मध्ये.

४. ई३, उंट जी७. ५. घोडा एफ३, किल्लेकोट. ६. सी प्यादे डी५ वर मारते, घोड्याने उलट मारले. ७. उंट ई२, घोड्याने सी३ वरचा घोडा मारला. ८. बी प्याद्याने मारले, आणि लगेच सी५. ९. किल्लेकोट, सी प्यादे डी४ वर मारते. १०. सी प्याद्याने परत मारले, घोडा सी६. ११. उंट बी२, उंट जी४.

ग्रुनफेल्ड खेळणाऱ्या कुणालाही ही योजना ओळखीची वाटेल. घोडे बदलून घ्यायचे, सी५ ने मध्यावर धक्का द्यायचा, जी७ चा उंट डी४ वर रोखून ठेवायचा, आणि जी४ च्या उंटाने डी४ च्या राखणदार घोड्याला जखडायचे. अकराव्या चालीपर्यंत काळ्याचे काहीच चुकलेले दिसत नाही.

पुढे बिनसते. १२. हत्ती सी१, हत्ती सी८. १३. उंट ए३, वजीर ए५. १४. वजीर बी३, आणि इथे काळ्याने एफ८ वरचा हत्ती ई८ वर नेला. साधी, समंजस दिसणारी चाल. पण तो हत्ती एफ७ च्या प्याद्याची राखण करत होता, आणि पांढरा वजीर नुकताच बी३ वर येऊन त्याच कर्णावर बसला होता. १५. हत्ती सी५, वजीर बी६. १६. हत्ती बी५, वजीर मागे डी८. १७. घोडा जी५! ई२ वरचा उंट तसाच सोडून. काळ्याने तो मारला. १८. घोड्याने एफ७ मारले. काळ्याने घोडा ए५ वर आणून वजिरावर चाल केली, पण आता उशीर झाला होता. १९. घोडा एच६, दुहेरी शह. राजा एच८. २०. वजीर जी८ वर, शह. हत्तीने मारावाच लागतो. २१. घोडा एफ७, मात. काळा राजा आपल्याच हत्ती, उंट आणि प्याद्यात कोंडलेला.

कॉक्रेन यांचा शेवट देखणा आहे यात वाद नाही. पण मी विद्यार्थ्यांना हा डाव दाखवतो तो पहिल्या अकरा चालींसाठी.

पण हा तर हरलेला डाव. त्यांनी जिंकलेला एखादा?

आहे, आणि तो या डावापेक्षा कितीतरी रंगतदार आहे. याच दोघांमध्ये, पुन्हा काळी मोहरी महेशचंद्रांची. आजच्या भाषेत किंग्ज इंडियनमधला ‘चार प्याद्यांचा हल्ला’.

१. ई४, डी६. २. डी४, जी६. ३. सी४, उंट जी७. ४. घोडा सी३, घोडा एफ६. ५. एफ४, किल्लेकोट. ६. घोडा एफ३, उंट जी४. ७. उंट डी३, ई५! ८. एफ प्यादे ई५ वर मारते, डी प्याद्याने परत मारले. ९. डी५.

पांढऱ्याच्या प्याद्यांनी मधली सगळी जागा अडवली आहे. काळ्याने आता काय करावे? महेशचंद्रांनी घोड्याने ई४ चे प्यादे मारले. सरळ घोडा दिला. १०. घोड्याने घोडा मारला, तर एफ५. ११. घोडा जी५, तर ई४. एकाच प्याद्याचा उंट आणि घोडा या दोघांवर काटा. १२. कॉक्रेन यांनीही कमी केले नाही: घोडा ई६, म्हणजे वजीर आणि हत्ती दोन्हींवर घाव. इथे शंभरांतले नव्वद जण वजीर वाचवतील. महेशचंद्रांनी प्याद्याने एफ३ वरचा घोडा मारला आणि वजीर खुशाल मारू दिला.

१३. घोड्याने वजीर घेतला. प्याद्याने जी२ मारले. आता पट बघा: जी४ चा उंट डी१ वरच्या पांढऱ्या वजिरावर, जी२ चे प्यादे एच१ च्या हत्तीवर. १४. हत्ती जी१, उंटाने वजीर घेतला. १५. घोडा ई६, उंट जी४. १६. घोड्याने एफ८ चा हत्ती मारला, राजाने घोडा. १७. हत्तीने जी२ चे प्यादे मारले.

धुरळा खाली बसल्यावर हिशेब केला तर पांढऱ्याकडे दोन हत्ती, दोन उंट. काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट, एक घोडा आणि एक प्यादे जास्त. कागदावर पांढरा किंचित वर. पण त्याचा राजा उघड्यावर आहे. पुढच्या पंधरा चालींत काळ्याचे उंट पटभर असे फिरतात, की पांढऱ्या हत्तींना कामच उरत नाही. शेवटी राजाला शह देणारा उंट त्याच वेळी एका हत्तीवरही चालून जातो आणि डाव संपतो.

हे बलिदान काटेकोर गणिताने बरोबर होते का? संगणक नाक मुरडतो. कॉक्रेन यांनी वजीर घ्यायला नको होता, असे समीक्षक सांगतात. असेना का. हल्ल्याचा बादशहा म्हणून नावाजलेल्या माणसाला त्याच्याच हत्याराने मारलेला हा डाव आहे.

कॉक्रेन गॅम्बिट आणि महेशचंद्र यांचा काय संबंध?

हा गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच काही देऊन हल्ला मिळवायचा डावपेच, त्यांच्यावरच पहिल्यांदा चालवला गेला. १८४८, पेट्रॉफ बचाव: १. ई४, ई५. २. घोडा एफ३, घोडा एफ६. ३. घोड्याने ई५ मारले, डी६. आणि घोडा मागे घेण्याऐवजी ४. घोड्याने एफ७ मारले. घोडा देऊन दोन प्यादी आणि उघडा पडलेला राजा. ओळख नुकतीच झालेली, समोरच्याला युरोपी सिद्धांताचा गंध नाही, आणि साहेबांनी हे अस्त्र काढले!

गंमत म्हणून कुणी हसावे, तर १९९९ मध्ये स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत तोपालोव्ह या ग्रँडमास्टरने क्रामनिक या दुसऱ्या ग्रँडमास्टरविरुद्ध हेच केले आणि डाव बरोबरीत सुटला. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अतिजलद डावांत, आजही पुष्कळ जण याच्या जोरावर गुण कमावतात.

एकूण किती जिंकले, किती हरले?

बहुतांश डाव कॉक्रेन जिंकले. महेशचंद्रांच्या विजयांची संख्याही थोडीथोडकी नाही.

यात एक मेख आहे. हे डाव आपल्यापर्यंत आले ते कॉक्रेन यांच्या बाजूने. ते कोलकात्याहून लंडनला जात आणि तिथल्या नियतकालिकांत छापले जात. लंडनच्या वाचकाला पाहायचा होता कॉक्रेन यांचा हल्ला. महेशचंद्र गावाकडे आपल्या बरोबरीच्यांशी जे डाव खेळले, ज्यांतून ‘न हरलेला’ ही ख्याती झाली, त्यांची एक चालही कुणी लिहून ठेवलेली नाही. देशी बुद्धिबळात चाली लिहिण्याचा रिवाज नव्हता. तेव्हा फक्त आकडा पाहून माणसाची उंची ठरवू नये.

‘इंडियन डिफेन्स’ हे नाव कधी पडले? ते खरोखर त्यांच्यावरूनच का?

हे नाव छापील स्वरूपात १८८४ पासून आढळते आणि त्याचा संबंध महेशचंद्रांनी कॉक्रेनविरुद्ध वापरलेल्या पद्धतीशी जोडला जातो. नाव सर्वतोमुखी व्हायला मात्र १९२० चे दशक उजाडावे लागले. तार्ताकोव्हर, निम्झोविच, रेती, बोगोल्युबोव्ह या मंडळींनी मध्यभाग लांबून ताब्यात ठेवायचा विचार मांडला, तेव्हा डी४ ला घोडा एफ६ हे उत्तर एकदम प्रतिष्ठित झाले. मग कुणाचे निम्झो-इंडियन, कुणाचे बोगो-इंडियन.

फिलिप सार्जंट या इंग्रज लेखकाने १९३४ मध्ये ब्रिटिश बुद्धिबळाचा इतिहास लिहिताना स्पष्ट म्हटले, की जी६ बरोबर डी६ किंवा बी६ बरोबर ई६ असे हे बचाव युरोपीयांना महेशचंद्र आणि इतर भारतीयांच्या उदाहरणातून समजले, आणि भारतीयांना ते आपल्या घरच्या खेळाचा वारसा म्हणून सहज येत होते.

म्हणजे ग्रुनफेल्ड वगैरेंनी आपले ढापले?

नाही. समाजमाध्यमांवर हे वाक्य दर काही महिन्यांनी फिरते, म्हणून ठासून सांगतो. १९२२ मध्ये व्हिएन्नाला ग्रुनफेल्डने पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनला या बचावाने हरवले. पण त्याने कोलकात्याचा १८५५ चा डाव उघडून त्यावरून कल्पना घेतली, असे म्हणायला काही आधार नाही. जर्मनीत लुई पॉलसेन एकोणिसाव्या शतकातच जी६ आणि उंट जी७ खेळत होते. एकच चांगली कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते.

माझे म्हणणे वेगळे आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. युरोपीयांना हा विचार सुचायला मध्यभागाचे जुने तत्त्वज्ञान आधी शिकून मग मोडावे लागले. महेशचंद्रांना ते मोडावे लागलेच नाही, कारण ते त्यांनी कधी शिकलेच नव्हते. श्रेय द्यायचे तर या गोष्टीचे द्यावे. चोरीचा आरोप करून आपण उलट त्यांना छोटे करतो.

‘इंडियन प्रॉब्लेम’ हाही त्यांचाच का?

नाही, तो गोंधळ नेहमीचा. ‘इंडियन प्रॉब्लेम’ ही १८४५ मध्ये ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’मध्ये आलेली एक कूटरचना, म्हणजे पटावर मांडलेले मात करायचे कोडे. ती दिल्लीहून ‘शागीर्द’ या टोपणनावाने पाठवलेली होती. नावावरून कुणी उस्तादाचा पठ्ठ्या वाटतो, पण हा शागीर्द म्हणजे हेन्री ऑगस्टस लव्हडे नावाचे इंग्रज पाद्री. रचना इतकी नवी होती की तिच्या कल्पनेला आजही कूटरचनाकार ‘इंडियन’ म्हणतात.

त्या काळात युरोपी नियमांनी खेळणारे ते एकटेच भारतीय होते?

अजिबात नाही. कोलकात्यातच कॉक्रेन यांचे आणखी एक बंगाली प्रतिस्पर्धी होते. इंग्रजी नोंदीत त्यांचे नाव ‘सौमचर्न गुट्टाक’ असे काहीतरी पडले आहे, बहुधा श्यामाचरण घटक. त्यांचेही डाव जी६ आणि उंट जी७ च्या वळणाचे. यावरून दिसते की ही एका माणसाची लहर नव्हती.

त्याआधी मद्रासला गुलाम कासिम होते. मद्रास आणि हैदराबाद यांच्यात १८२८-२९ मध्ये पत्राने सामना झाला, त्यात ते खेळले आणि १८२९ मध्ये मुझियो गॅम्बिटचे विश्लेषण करणारे पुस्तकही त्यांच्या नावावर निघाले. सहलेखक जेम्स कॉक्रेन. हे मद्रासच्या मुलकी नोकरीतले, आपले बॅरिस्टर जॉन कॉक्रेन वेगळे. पुष्कळ लेखांत या दोघांची सरमिसळ होते.

आणि आपल्या मुंबईचाही एक दुवा. १८१४ मध्ये मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले: तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी मूळ संस्कृतवरून केलेला, युरोपी पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेल्या डावांतल्या अवघड स्थितींचा संग्रह. म्हणजे महेशचंद्र कोलकात्यात येण्याच्या चौतीस वर्षे आधी इथला एक शास्त्री दोन्ही खेळांमधून सहज ये-जा करत होता.

१८५१ च्या लंडन स्पर्धेत त्यांना का बोलावले नाही?

ती पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आंदेर्सेन जिंकले. तिथे स्वतः जॉन कॉक्रेनही नव्हते. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला, त्यापूर्वी कोलकात्याहून लंडन म्हणजे महिन्यांचा प्रवास. त्यात बंगाली ब्राह्मणाने समुद्र ओलांडायचा म्हणजे घरी परतल्यावर प्रायश्चित्ताचा घोर वेगळाच.

मीर सुलतान खान यांच्याशी तुलना योग्य आहे का?

काही अंशी. सुलतान खान पंजाबचे, तेही देशी नियमांवर वाढलेले. सर उमर हयात खान यांनी त्यांना लंडनला नेले. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि १९३०-३१ च्या इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांकाला हरवले. फियानचेटोची ओढ त्यांनाही होती, सार्जंट यांनी ते नोंदले आहे.

पण एक फरक मोठा आहे. सुलतान खान यांना युरोपातले वेगवेगळे, एकाहून एक तगडे प्रतिस्पर्धी मिळाले. महेशचंद्र वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच माणसासमोर बसले. त्याच्या हल्ल्यांची त्यांना सवय झाली, पण इतर शैलींशी दोन हात करायची संधी फारशी आली नाही.

देशी नियम केव्हा मागे पडले?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते बऱ्याच भागांत टिकून होते. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचे विजेतेपद आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांनी विभागून घेतले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमच सगळीकडे रुळले. तरी एखाद्या गावात पारावर अजूनही ‘प्यादं एकच घर’ म्हणून दरडावणारे आजोबा भेटतात. भेटले तर दोन डाव त्यांच्या नियमाने खेळून बघा.

त्यांचे डाव कुठे, कोणत्या नावाने शोधायचे?

ऑनलाइन डाव-संग्रहांत आहेत, पण नावाच्या वर्णलेखनाचा पोरखेळ झालेला आहे. रोमन लिपीत ‘मोहेशचंदर’, ‘मोहिशंदर’, ‘महेशचंद्र’ आणि आडनाव ‘बॅनर्जी’ किंवा ‘बॉनर्जी’ असे सगळे प्रकार सापडतील. सोपा उपाय म्हणजे ‘कॉक्रेन’ शोधायचे आणि ठिकाण ‘कलकत्ता’ निवडायचे.

जुन्या छापील पानांवर चाली वर्णनात्मक पद्धतीने असतात, ‘प्यादे वजिराच्या चौथ्या घरात’ अशा. संग्रहांत त्या आजच्या पद्धतीत बदललेल्या मिळतात. सुरुवात काळ्या मोहऱ्यांच्या डावांपासून करा, त्यांतही ज्यांत जी६ आहे ते आधी. पटावर मोहरी हलवत जा आणि संगणकाचे इंजिन पहिल्या खेपेला बंद ठेवा. प्रत्येक डावात बाराव्या-तेराव्या चालीला थांबून, कॉक्रेन आता काय करणार ते न पाहता, काळ्याच्या बाजूने पुढची चाल स्वतः ठरवा. चारशेपैकी वीस डाव असे पाहून झाले, की किंग्ज इंडियनवरचे कुठलेही नवे पुस्तक हातात घ्या.